पित्ताचा डोंगर

माझी मोठी बहीण डोंगरावरून जिवंत खाली आली, आणि त्याबद्दल तिनं मला अजून माफ केलेलं नाही. तिला खाली मी आणली. ज्या तऱ्हेनं आणली, ती तिला सहन झाली नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

आधीच सांगून टाकते, मला डोंगर आवडत नाहीत. आम्ही सांगलीच्या. आमच्याकडे उंच म्हणजे साखर कारखान्याची चिमणी, खोल म्हणजे कृष्णा, आणि मधे सगळा ऊस. लग्न होऊन बहरीनला आले तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं ते या बेटाच्या सपाटपणामुळे. गाडी काढावी, एका बाजूच्या समुद्रापासून दुसऱ्या बाजूच्या समुद्रापर्यंत जावं, मान वर करायची गरज नाही. इथला सगळ्यांत उंच डोंगर म्हणजे जबल दुखान, धुराचा डोंगर. नाव भारदस्त, पण मिरजेजवळच्या दंडोबालासुद्धा त्याला बघून हसू येईल. आजूबाजूला तेलविहिरींचे पंप माना खालीवर करत असतात आणि वर गेलं की दिसतं काय, तर आणखी पंप.

अक्का माझ्याआधी पुष्कळ वर्षं इथं आली. दाजी इंजिनियर आहेत, जनाबियाच्या एका कंपाउंडमधे त्यांचा व्हिला आहे. माझं स्थळ अक्कानं आणलं, माझी अकाउंट्समधली नोकरी तिनं कुणाला तरी सांगून लावली, आणि बुसैतीनच्या माझ्या फ्लॅटमधले पडदेही तिनंच पसंत केलेले आहेत. माझ्या नवऱ्याची हिद्दच्या बंदरात शिफ्ट असते. ती बदलली की मला कळायच्या आधी अक्काला कळतं. लोक म्हणतात, किती नशीबवान गं तू, परदेशात सख्खी बहीण जवळ. मी हसते.

हा डोंगर तिच्या डोक्यात शिरला तो कंपाउंडमधल्या एका शिक्षिकेच्या फोनमधून. ती बाई सुट्टीत माउंट केनियाला जाऊन आली होती. फोटोत एक काळंकुट्ट, दातेरी शिखर, त्याच्या कपारीत पांढऱ्या बर्फाचे चार फराटे आणि खाली खांबावर कोबीचा गड्डा ठेवावा तशी कसली तरी झाडं. शिक्षिकेनं समजावून सांगितलं. हा एके काळी ज्वालामुखी होता, आत्ता आहे त्याहून कितीतरी उंच. तो विझला. मग त्याच्यावर बर्फ साचत गेला, त्या बर्फाच्या नद्या झाल्या आणि त्यांनी त्याला किसून किसून खाली आणला. तोंड गेलं, बाहेरची भिंत गेली. उरला तो घशात अडकून घट्ट झालेला दगड, आणि तेच आताचं शिखर. ज्या बर्फानं हे सगळं केलं तोही आता संपत आलाय म्हणे.

अक्कानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. "म्हणजे आता काय नाही त्याच्यात," ती म्हणाली. "विझलाय की. मग भ्यायचं कशाला?"

विझलेला म्हणजे निरुपद्रवी, हा तिचा हिशेब. मी म्हटलं, ज्वालामुखीचा प्रश्नच नाही, प्रश्न उंचीचा आहे. त्यावर ती म्हणाली, "जबल दुखानवर धापा टाकतीस तू. तू मला उंचीचं सांगू नको."

तिला का जायचं होतं ते मला कळत होतं. तिनं जन्मभर कुणाचं ना कुणाचं केलं. सासऱ्यांचं, मुलांचं, माझी दोन बाळंतपणं, आईचं. मुलं कॅनडाला गेली आणि घर रिकामं झालं. "एक गोष्ट माझी," ती म्हणाली. "एकच." हे ऐकून माझे डोळे भरून यायला हवे होते. मला राग आला, कारण तिच्या त्या एका गोष्टीतही माझी भरती झाली होती. तंबूत, झोपडीत, शौचाला जाताना बाईला बाई सोबत हवी, दाजींचा काय उपयोग, म्हणून तिकिटं काढून झाल्यावर तिनं मला फोन केला. सुट्टी टाक, एवढंच म्हणाली. मी टाकली. तिला नाही म्हणायची मला सवयच लागलेली नाही, आणि त्याचा राग मी तिच्यावरच काढते.

मग सुरू झाला सराव. सपाट बेटावर डोंगराचा सराव करणारी माणसं किती वेडी दिसतात हे आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा. अक्का सॅकमधे तूरडाळीची पाकिटं भरून यायची आणि आमच्या आठ मजल्यांच्या जिन्यावर खालीवर करायची. मागोमाग मी, माझ्यामागे दाजी. जिन्यात एसी नाही. उन्हाळ्यात त्या जिन्याच्या भिंतींना हात लावला तरी चिकट व्हायचा. बाई लिफ्ट चालू आहे, असं तो बिचारा मलबारी वॉचमन रोज हिंदीत सांगायचा. थंडी पडल्यावर शुक्रवारी सकाळी सखीरच्या वाळवंटात चालायला जायचं. तिथं लोक हौसेनं तंबू ठोकून शेगडीवर मांस भाजत असतात, आणि त्यांच्यामधून आम्ही तिघं बूट घालून, काठ्या आपटत, कुठंच न जाता जात असू. एकदा एका म्हाताऱ्या बहरीनी माणसानं आम्हाला हाक मारून चहा पाजला. अक्कानं त्याला सांगितलं की आम्ही डोंगर चढायला शिकतोय. त्यानं चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, "इंशाल्ला."

आता पित्ताबद्दल. आमच्या घरात आजार एकच, पित्त. डोकं दुखलं, पित्त. मळमळलं, पित्त. चक्कर, अंगावर गांधी, परीक्षेच्या दिवशी पोटात कालवणं, सगळं पित्त. उपायही ठरलेले. आमसूल चोखायचं, धन्याजिऱ्याचं पाणी प्यायचं, मोरावळा खायचा, आणि फारच झालं तर बोटं घालून ओकून टाकायचं. ओकलं की पित्त पडतं आणि माणूस मोकळा होतो. अक्का या शास्त्रातली आमच्या घरातली शेवटची आणि सर्वांत मोठी वैद्य. तिच्या पर्समधे सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, नसेल एक वेळ, पण आमसुलाची डबी असायचीच. इथल्या कितीतरी मराठी बायका डॉक्टरकडे जायच्या आधी तिला फोन करतात.

ती डबी घेऊन ती त्या डोंगरावर चढली.

नैरोबीहून जीप, मग फाटक, मग जंगल. जंगलाबद्दल मला काही सांगता येत नाही, कारण मी सबंध वेळ पायाखाली बघत होते. रस्त्यावर रानरेड्यांचं ताजं शेण पडलेलं होतं आणि गाइड ते काठीनं दाखवून हसत होता. झाडं संपली तशी पहिली मुक्कामाची जागा आली, पत्र्याचं छप्पर आणि आत लाकडी फळ्यांचे पलंग. थंडी अशी की दात घासताना हिरड्या बधिर झाल्या. अक्का मात्र नव्या नवरीसारखी खुशीत होती. जेवताना ती कपाळ चोळायला लागली आणि मग पर्समधून तिनं डबी काढली.

"डोकं धरलंय?" मी विचारलं.

"पित्त उठलंय जरा. विमानातलं खाणं बाधलं."

सकाळी ती माझ्याआधी उठून बाहेर गेली होती. मी बूट चढवून मागे गेले तर संडासाच्या मागे वाकून ओकत होती. मला बघून तिनं तोंड पुसलं आणि हसली. "पडलं बघ. आता कसं मोकळं वाटतंय." तेवढ्यात गाइड आला. त्यानं सगळ्यांना विचारायचा तसं विचारलं, "मामा, हेडएक?" तिकडे मोठ्या बायकांना मामा म्हणतात. अक्का म्हणाली, "नो, नो. ओन्ली ॲसिडिटी." तो मान हलवून निघून गेला. ॲसिडिटीशी त्याचा काय संबंध?

ट्रेकच्या कंपनीनं निघायच्या आधी जे काही पाठवलं होतं, ते आमच्या तिघांपैकी मी एकटीनं वाचलं होतं, तेही भीतीपोटी. उंचीवर डोकं दुखणं, मळमळणं, ओकणं हे विरळ हवा बाधल्याचं लक्षण असतं आणि वेळीच खाली उतरलं नाही तर जीव जातो, हे मला ठाऊक होतं. वाटेत मी ते अक्काला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा ती म्हणाली, लहानपणापासून मला पित्त आहे, डोंगर काल बघितला. दुसऱ्यांदा तिनं डबी उघडून आमसूल तोंडात टाकलं.

तो दिवस मी विसरणार नाही. बर्फानं नांगरून रुंद केलेली एक लांबच लांब दरी, दोन्ही बाजूंना उघड्या काळ्या भिंती, मधून थंड पाण्याचा ओढा, आणि फोटोतली ती कोबीच्या गड्ड्यांची झाडं धुक्यात माणसांसारखी उभी. जमीन म्हणावी तर चिखल, आणि चिखल संपला की दगड. एकही दगड जागेवर नाही, पाय टाकला की खालून निसटतो. घुशीएवढे बिनशेपटीचे प्राणी वाटेवर बसून बिस्किटं मागत होते. आणि दरीच्या टोकाला ते शिखर, काळं, कोरडं. कुणी त्याला सुंदर म्हणतात. मला ते कुणीतरी हाडापर्यंत खरवडून टाकल्यासारखं दिसलं. तिथं गवतापासून आभाळापर्यंत एकही गोष्ट आमची वाट बघत नव्हती. मला तिथून निघून जायचं होतं, आणि अक्का एकेक पाऊल टाकत त्याच्याकडेच चालली होती.

दुपारी उशिरा आम्ही वरच्या मुक्कामाला पोचलो. पहाटे तिथून शिखराकडे निघायचं होतं. वाटेत ती आणखी दोनदा ओकली होती, दोन्ही वेळा गाइड पुढे असताना. झोपडीत शिरल्यावर ती जाकीट घालायला लागली आणि तिचा हात बाहीत जाईना. दुसरा हात पहिल्याच बाहीत घालायला बघत होती. मग बुटांची नाडी सोडायला वाकली आणि तशीच बसून राहिली, नाडीकडे बघत, ही काय वस्तू आहे असं.

"अक्का, खाली जायचंय," मी म्हटलं.

"कुणाला?"

"तुला. आत्ता. उजेड आहे तोवर."

"गप की गं." जीभ जड झाली होती तिची. "पित्त आहे. आणि एकदा पडलं की झालं."

"ऊठ. या फळीवरनं सरळ चालून दाखव मला."

ती उठली. दोन पावलं टाकली आणि भिंतीवर जाऊन आदळली. "बूट जड आहेत," ती म्हणाली. दाजी पलंगावर बसून चहाच्या कपात बघत होते. "अगं, तिला होतंच असं," ते म्हणाले. "रात्रभर झोपली की बरं वाटेल. सकाळी बघू." दाजींनी बायकोला कधी कशाला अडवलेलं मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी मला त्यांचा एवढा संताप आला की तो चहा मी हातातून हिसकावून घेतला.

मी गाइडला बोलावलं आणि मोडक्या इंग्रजीत नाही, चांगल्या इंग्रजीत सांगितलं की ती सकाळपासून ओकतेय आणि तिला सरळ चालता येत नाही. त्याचा चेहरा बदलला. लगेच खाली, तो म्हणाला, सकाळची वाट बघायची नाही. अक्का भिंतीला धरून उभी होती. ती त्याला म्हणाली, "माय सिस्टर इज अफ्रेड. शी वॉन्ट्स टू गो. आय ॲम गोइंग टॉप." आणि अंगठा वर केला. त्यानं तिला समजावलं, दम दिला, पुन्हा समजावलं. ती पलंगाच्या खांबाला मिठी मारून बसली. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, खांद्यावर टाकून नेली आणि त्या दगडांत तिनं झटापट केली तर आम्ही सगळेच पडू. ती स्वतःच्या पायांवर निघायला हवी. तिला तयार कर.

मी हात जोडले. मुलांची शपथ घातली. ती डोळे मिटून म्हणाली, "मला ओकून येऊ दे एकदा. ओकलं की बरं वाटतंय."

हे शब्द आईचे होते, तंतोतंत.

आई शेवटचे काही महिने बहरीनला होती, व्हिजिट व्हिसावर, अक्काच्या व्हिलात. तिचं डोकं दुखायचं. सकाळी उठली की ओकायची आणि म्हणायची, आता बरं वाटतंय. अक्का तिला आमसुलाचं सार करून द्यायची, धन्याजिऱ्याचं पाणी द्यायची, रात्री डोक्याला तेल घालायची. मी शनिवारी जायची. एकदा मी म्हटलं, हिचं बीपी तपासून आणू या का? अक्का म्हणाली, पित्ताला बीपी काय करणार? आई स्वतःही तेच म्हणाली. एक दिवस ती न्हाणीत पडली आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. बीपी फार वाढलं होतं, कितीतरी दिवसांपासून असणार, असं डॉक्टर म्हणाले. तिचे अंत्यसंस्कार इथंच झाले. त्यानंतर आम्ही दोघींनी ते डोकं दुखणं, ते सार, ते पित्त, यातला एकही शब्द कधी उच्चारला नाही. माझ्या मनात तो नव्हता असं नाही. इतकी वर्षं तो मी जिभेखाली धरून ठेवला होता. त्या झोपडीत तो सोडला.

"आईचंही तू पित्तच म्हणत होतीस," मी म्हणाले.

अक्कानं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी लिहू शकत नाही, मी खाली बघितलं. दाजी "अगं!" एवढंच म्हणाले. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं त्याचा आवाज येत राहिला. मग तिनं खांब सोडला आणि पाय पुढे केला. नाडी तिला बांधता येईना, ती दाजींनी बांधली. माझ्याकडे न बघता ती दाराबाहेर पडली.

त्याच दरीतून आम्ही उतरलो. गाइडनं एका बाजूनं आणि एका हमालानं दुसऱ्या बाजूनं तिला धरलं होतं. मधे गारा पडल्या, मग पाऊस. मी तिच्या मागेच होते, पाय घसरला तर धरता यावं म्हणून. ओढा ओलांडताना गाइड पुढे दगड बघायला गेला तेव्हा मी हात पुढे केला. तिनं तो बघितला. मग तिनं दगड सोडून पाण्यात पाय घातला आणि बूट भरून पलीकडे गेली, पण माझा हात धरला नाही.

खाली येईतो अंधार पडला. जसजसे उतरत होतो तसतसं तिचं पाऊल नीट पडायला लागलं. पहिल्या मुक्कामाला ती वाटीभर सूप प्यायली आणि तिनं दाजींना विचारलं, मुलांना फोन लागेल का. शब्द स्वच्छ होते. मी बाहेर जाऊन अंधारात ढसाढसा रडले. भीती निघून गेली की माणूस असा रडतो. सकाळी आभाळ लख्ख होतं, शिखर अगदी हाताशी दिसत होतं, आणि अक्का ऑम्लेट खात होती. "जाता आलं असतं," ती दाजींना म्हणाली. दाजींनी मान हलवली. परतीच्या विमानात ती खिडकीशी, मधे दाजी, या टोकाला मी. उतरताना बेट नेहमीसारखं सपाट दिसलं, आणि मला त्याचा काही आनंद झाला नाही.

इथं आल्यावर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. फोन उचलायचा नाही, एवढंच. गणपतीला नवऱ्याला मेसेज आला, मला नाही. तो गेला, मोदकांचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, तुझी चौकशी केली नाही. मी म्हटलं, मी कशाला विचारतेय? पण मी दाराशीच उभी होते त्याची वाट बघत. मुलगी म्हणाली, "ममा, जस्ट से सॉरी ना." मी तिच्यावर खेकसले. कशाबद्दल सॉरी? बहीण जिवंत आहे याबद्दल?

संक्रांतीनंतर कुणाकडे तरी हळदीकुंकू होतं. अक्का येऊन गेली होती, वेळ बघूनच. मी वाण घेत होते तेव्हा एक बाई माझ्या कानाशी येऊन काळजीनं म्हणाली, "आता बरं आहे ना तुमचं पित्त? अक्का सांगत होत्या. तुम्हाला वर फार त्रास झाला, म्हणून शिखर टाकून त्या परत आल्या. बहीण असावी तर अशी."

माझ्या हातातला तिळगूळ तिथंच राहिला. मी गाडी काढली आणि सरळ जनाबिया गाठलं. सिग्नलला थांबले की मोठ्यानं बोलत होते, काय काय सुनावायचं ते. कुणाला झालं पित्त? कोण भिंतीवर आदळलं? कुणाला बाही सापडत नव्हती? गाडीत ऐकायला कुणी नव्हतं आणि मी ओरडत होते.

दार दाजींनी उघडलं. माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, "मी जरा कोल्ड स्टोअरला जाऊन येतो, दूध संपलंय." चप्पल घालून निघून गेले. अक्का स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मेथी निवडत होती. तिनं वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मला पित्त झालं होतं काय गं?" मी म्हणाले. "माझ्यामुळं परत आलीस तू? सगळ्या बहरीनभर सांगत सुटलीस?"

"हो, सांगितलं."

"खोटं सांगितलंस."

"मग काय सांगायचं होतं?" ती म्हणाली. "तू मला काय बोललीस ते सांगू?"

तिनं एक काडी उचलली, पानं खुडली, देठ बाजूला टाकला. मग काम थांबवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ती वाळली होती. केस रंगवायचे सोडून दिले होते. मला ते दिसलं आणि वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला.

"एकदाच विचारते," ती म्हणाली. "खरं सांग. आईचं जे बोललीस, ते मला खाली आणायला बोललीस, का तुला तसंच वाटतंय?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुला उठवायला म्हणाले गं, तोंडाला येईल ते म्हणाले, असं म्हटलं असतं तर कदाचित तिनं तिथंच चहा टाकला असता आणि मार्गी लागलं असतं सगळं. मी तोंड उघडलंही त्यासाठी. पण इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं, सगळं परस्पर ठरवून टाकलं होतं. आज मागत होती. तिला खोटं द्यायला जीभ वळेना.

"दोन्ही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. आश्चर्य वाटल्यासारखी नाही, एखादा निरोप मिळाल्यासारखी. पुन्हा मेथीची जुडी ओढून घेतली. मला वाटलं, आता ओरडेल, चालती हो म्हणेल.

"मलाही तसंच वाटतंय," ती म्हणाली. "ती न्हाणीत पडली त्या दिवसापासून. रोज वाटतंय."

मी टेबलाला वळसा घालून तिच्याकडे गेले. तिच्या खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात तिनं खांदा आकसून घेतला.

"पण ते माझं मी म्हणायचं होतं," ती म्हणाली. "तू म्हणायचं नव्हतंस."